शीतोष्ण आणि कर्तेपण

आल्बेर काम्यूच्या ‘लेत्रांजे’ (१९४२) या कादंबरीत खुनाचा आरोपी मेर्सो न्यायालयात उभा आहे. खून का केला, असे त्याला विचारले जाते. उत्तर देताना त्याची जीभ अडखळते, आपण हास्यास्पद होत आहोत हे त्याचे त्यालाही जाणवते, आणि तरीही त्याला जे खरे वाटते तेच तो सांगतो : उन्हामुळे. न्यायालयात हशा पिकतो. या प्रसंगाची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे आणि तीत बहुधा हसणाऱ्यांनाच दोषी धरण्यात आले आहे. एका प्रामाणिक माणसाचे उत्तर समाजाच्या ढोंगी विवेकाला सोसत नाही, असा त्या हशाचा अर्थ लावण्यात येतो. परंतु हसणाऱ्यांच्या मनातील प्रश्नही खोटा नाही. ऊन हे कृत्याचे कारण होऊ शकते काय? आणि होऊ शकत असेल, तर मग ते कृत्य कोणाचे?

हा प्रश्न जितका कायद्याचा आहे तितकाच वाङ्मयाचाही आहे. कथा-कादंबरी ही अखेर माणसाच्या कृतीची कहाणी असते. कृतीमागे हेतू, हेतूमागे स्वभाव, स्वभावामागे परिस्थिती अशी साखळी लेखक जोडीत जातो आणि समीक्षक ती तपाशीत जातो. या साखळीत शरीराला जाणवणाऱ्या उष्णतेची आणि थंडीची कडी नेमकी कोठे बसवावयाची, हे मात्र फारसे ठरलेले नाही. मराठी समीक्षेने त्यासाठी ‘वातावरणनिर्मिती’ हा एक सोयीचा शब्द करून ठेविला आहे. कथेत रणरणते ऊन आले की ते नायकाच्या अंतःकरणातील दाहाचे प्रतीक ठरते. हाडे गोठविणारी थंडी आली की ती नात्यांतील दुराव्याचे. ऊन हे ऊन म्हणून, म्हणजे घाम, तहान, डोळ्यांवर येणारी तिरीप, मानेवरचा चटका आणि या साऱ्यांतून बिघडत जाणारा निर्णय म्हणून, क्वचितच वाचले जाते. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्रा’सारखे (१९५६) ऋतूंच्या इंद्रियगोचर रूपाशी एकजीव झालेले पुस्तक ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या समीक्षेने कथेतील ऋतूला मात्र नाटकाच्या पडद्यासारखे मागे टांगून ठेवावे, हे काहीसे चमत्कारिक आहे.

या सवयीचे मूळ संस्कृत साहित्यशास्त्रात शोधण्याचा मोह होतो, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. रसव्यवस्थेत चांदणे, मलयानिल, मेघ, वसंत यांची जागा उद्दीपन विभावांत आहे. चित्तात आधीच असलेल्या भावाला ते चेतवितात. स्वतः होऊन काही घडवीत नाहीत. पण खुद्द भरताकडे गेले तर चित्र वेगळे दिसते. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव सांगताना त्याने प्रत्येकाची कारणे दिली आहेत. कंपाच्या कारणांत भय, हर्ष आणि रोष यांच्या पंक्तीला तेथे शीतही बसले आहे. रोमांचाच्या कारणांत शीत आहे. घामाच्या कारणांत क्रोध, लज्जा, श्रम यांच्याबरोबर उष्णता आहे, आणि चेहऱ्याचा रंग उतरण्याच्या कारणांत शीत व ताप ही दोन्ही आहेत. भरत नटांसाठी लिहीत होता. रंगभूमीवर थरथरणारा माणूस भ्यालेला आहे की गारठलेला आहे, हे प्रेक्षकाला केवळ थरथरीवरून कळत नाही, ही गोष्ट त्याला ठाऊक असलीच पाहिजे. शरीर भयाला आणि थंडीला एकच उत्तर देते. पुढील परंपरेत सात्त्विक भावांचा ओढा शृंगाराकडे इतका वाढला, की रोमांच म्हणजे प्रियस्पर्शाचा आणि घाम म्हणजे लज्जेचा, असे समीकरण जवळजवळ कायम झाले. भरताच्या यादीतील गारठलेला माणूस मागे पडला.

काव्यात मात्र शरीराची ही जाणीव टिकून राहिली. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा पहिला सर्ग ग्रीष्माचा आहे. रसिकांना त्यातील चंदनाची उटी आणि चांदण्या रात्री अधिक प्रिय. परंतु त्या सर्गाचे खरे बळ प्राण्यांच्या चित्रांत आहे. उन्हाने पोळलेला साप मोराच्या सावलीला येऊन पडतो, बेडूक सापाच्याच फणेखाली आश्रय घेतो, सिंह जवळून जाणाऱ्या हत्तीला मारीत नाही. येथे उष्णता कोणत्याही भावाचे उद्दीपन करीत नाही. जन्मजात वैर ती काही काळ तहकूब करते. ऋतू हा येथे वर्तनाचे सरळ कारण आहे. अर्थात हे प्राणी आहेत, आणि आपल्या वर्तनाचा खुलासा त्यांना कोणापुढे करावा लागत नाही. माणसाला तो करावा लागतो, निदान स्वतःपुढे तरी. कथाकाराचे काम तेथून सुरू होते.

तो खुलासा परस्पर हवामानावरच सोपवून मोकळे होण्याचा उद्योगही जगात झाला आहे. माँतेस्क्यच्या ‘कायद्यांचे मर्म’ (१७४८) या ग्रंथात मेंढीच्या जिभेचा एक प्रयोग आहे. जिभेचा भाग गोठविल्यावर तिच्यावरचे सूक्ष्म उंचवटे दिसेनासे झाले आणि ऊब मिळताच ते पुन्हा दिसू लागले. याच्या आधाराने त्याने प्रतिपादन केले, की थंड हवेत शरीराचे तंतू आखडून माणसे जोमदार व धीट होतात, उष्ण हवेत ते सैल पडून माणसे भित्री आणि आळशी होतात. अशा भित्र्यांचे उदाहरण म्हणून त्याने भारतीयांना पुढे केले. मेंढीच्या जिभेवरून एका खंडाच्या स्वभावावर घेतलेली ही उडी आज हास्यास्पद वाटते खरी, परंतु तिच्यामागील कल्पनेने प्रत्यक्ष राज्य केले आहे. १८६४ पासून ब्रिटिश सरकारची उन्हाळी राजधानी सिमल्यास असे, आणि मुंबई इलाख्याचे सरकार महाबळेश्वरी जाई. उष्णतेने बुद्धी मंदावते असा निर्णय ज्यांनी दुसऱ्यांविषयी दिला, त्यांनी स्वतःच्या बुद्धीची व्यवस्था सात हजार फुटांवर केली होती. त्यांचे सामान घाट चढवून नेणाऱ्या हमालांच्या बुद्धीचा प्रश्न त्या विचारात कोठे उद्भवला नाही. उष्णतेचा परिणाम सर्वांवर होतो. तिच्यापासून सुटका मात्र वाटून दिलेली असते. हवामानाच्या तत्त्वज्ञानाने ही दुसरी गोष्ट दृष्टीआड केली, आणि चांगल्या कथात्म वाङ्मयाने ती दृष्टीसमोर आणली.

तरीही सगळ्यांनी ती सारख्याच स्पष्टपणे आणली असे नाही. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘ए पॅसेज टु इंडिया’चे (१९२४) तीन भाग भारतातील हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या तीन ऋतूंशी जुळविलेले आहेत. गुहांतील तो अनाकलनीय प्रसंग आणि त्यानंतरचा खटला ही दोन्ही उन्हाळ्यात घडतात. वाढत्या उन्हाबरोबर चंद्रपूरच्या इंग्रज वस्तीतील माणसे हळूहळू विचार करावयाचे सोडून केवळ एकजुटीने बोलू लागतात, याचे चित्रण फॉर्स्टरने फार बारकाईने केले आहे. पण त्याच्या न्यायालयात एक पंखेवाला आहे. सर्व जण घामाघूम असताना तो दोरी ओढीत बसला आहे. तो सुंदर आहे, जवळजवळ नग्न आहे. न्यायालयात आज गर्दी आहे याचा त्याला पत्ता नाही. आपण पंखा हालवीत आहोत हेही त्याला ठाऊक नाही, केवळ दोरी ओढतो एवढेच तो जाणतो. अडेलाचे लक्ष त्याच्याकडे जाते आणि तिच्या मनातील कसलीशी संकुचितता ढळते. पुढे ती आपला आरोप मागे घेते. खटला संपून सारे निघून गेल्यावरही तो दोरी ओढीतच राहतो. फॉर्स्टरची सहानुभूती येथे निःसंशय आहे. मात्र या माणसाला देवतेचे रूप देताना त्याने त्याचा उकाडा काढून घेतला आहे. दिवाणखान्यात किंवा न्यायालयात जो गारवा निर्माण होतो तो ज्याच्या दंडांतून निर्माण होतो, त्यालाच काय ते उकडत नाही! संपूर्ण कादंबरीत उष्णतेने ज्याच्या विचारात काहीच बिघाड होत नाही असा हा एकच मनुष्य आहे, कारण त्याला विचारच दिलेला नाही.

फॉर्स्टरच्या न्यायालयातून काम्यूच्या न्यायालयात परतताना हा पंखेवाला ध्यानात ठेवावयास हवा. मेर्सो त्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर तीनदा जातो. तिसऱ्या खेपेस तो एकटा आहे. त्यापूर्वी बंगल्याच्या लाकडी पायऱ्यांपाशी तो थबकतो. उन्हाने डोके घणघणत आहे. वर चढण्याचे आणि वर गेल्यावर बायकांशी बोलण्याचे कष्ट त्याला नकोत. तसेच उन्हात उभे राहणेही असह्य आहे. म्हणून तो पुन्हा किनाऱ्याकडे वळतो. खडकामागे एक झरा आहे. त्याची सावली आणि पाण्याचा गारवा एवढेच त्याला हवे आहे. या क्षणी त्याच्या मनात खून नाही, सावली आहे. पण सावलीत एक अरब आधीच आडवा झाला आहे. त्याचे कपाळ छायेत आहे, बाकीचे शरीर उन्हात. त्याच्या कपड्यांतून वाफ निघते आहे. मेर्सो एक पाऊल पुढे टाकतो. एका पावलाने ऊन चुकणार नाही, हे त्याला समजते. ते मूर्खपणाचे आहे, हेही समजते. तरी तो ते टाकतो. सुरा चमकतो, भुवयांवर साचलेला घाम डोळ्यांत उतरतो, चाप ओढला जातो. मग थोडी विश्रांती, आणि पुन्हा चार गोळ्या.

या परिच्छेदांतील शरीरजाणिवेची घनता विसाव्या शतकाच्या गद्यात क्वचितच साधली असेल. तिच्या प्रभावामुळे एक महत्त्वाचा तपशील निसटून जातो. मेर्सोची बुद्धी येथे शरीराच्या बाजूने बोलत नाही. शरीराने पाऊल टाकले, बुद्धीने ते व्यर्थ असल्याचे सांगितले, आणि पुढे न्यायालयातही तिने त्याच्यासाठी कोणतीही सबब उभी केली नाही. माणसाची रीत साधारणतः याच्या उलट असते. ऊन किंवा थंडी माणसाला थेट आज्ञा करीत नाही. ती त्याच्या बुद्धीला वकीलपत्र देते, आणि शरीराला जे हवे आहे त्याची कारणे बुद्धी शोधून काढते. मेर्सोच्या बुद्धीने हे वकीलपत्र घेतले नाही, म्हणून त्याचा बचाव इतका केविलवाणा झाला आणि म्हणूनच न्यायालय हसले. १९५५ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत काम्यूने त्याला खोटे बोलण्यास नकार देणारा माणूस म्हटले, ते या अर्थाने मान्य करता येईल.

मात्र त्यापुढे जाऊन उन्हाची साक्ष पुरी मानता येणार नाही. ती पहिल्या गोळीपर्यंत पुरते. तपास करणारा न्यायाधीश पहिल्या आणि दुसऱ्या गोळीमधील विश्रांतीविषयीच पुन्हा पुन्हा विचारतो, आणि मेर्सोपाशी उत्तर नसते. शिवाय ऊन त्या अरबावरही पडत होते. त्याच्या कपड्यांची वाफ लेखकाने पाहिली, परंतु त्या उन्हाने त्याच्या मनात काय केले, त्याने सुरा कोणत्या तिरमिरीत काढला, हे विचारण्याचे कादंबरीला सुचले नाही. त्याला नावही नाही. कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत त्याला मूसा हे नाव दिले आणि त्याच्या धाकट्या भावाकडून ती हकीकत पुन्हा सांगविली, ती केवळ एका प्रसिद्ध कृतीची उलटतपासणी म्हणून नव्हे. उष्णता जाणवण्याचा अधिकार कथेत एकालाच दिला गेला होता, हे त्या पुनर्कथनाने उघड केले. ‘ऋतुसंहारा’तील साप आणि मोर एक सावली वाटून घेतात, अल्जीरच्या किनाऱ्यावर दोन माणसांना ती वाटून घेता आली नाही. कारण त्या खडकावर केवळ ऊन पडलेले नव्हते, शंभराहून अधिक वर्षांची फ्रेंच सत्ताही पडलेली होती.

थंडी याहून वेगळ्या रीतीने काम करते. उन्हात माणूस चिडतो, उसळतो. थंडीत तो आक्रसतो. शरीराच्या आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असावे लागते. ते राखण्यासाठी त्वचेकडील रक्तपुरवठा कमी होतो, बोटांचे कौशल्य जाते, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करू लागतात. तापमान ३५ अंशांखाली आणि त्याहून खाली उतरत गेले की थरथर मंदावते आणि निर्णयशक्ती ढासळते. त्याबरोबर ती ढासळली आहे हे ओळखण्याची शक्तीही जाते. अखेरच्या अवस्थेत काही माणसे अंगावरचे कपडे काढून टाकतात. वैद्यकाला जे ठाऊक आहे त्यातील बराच भाग टॉलस्टॉयने ‘मालक आणि गडी’ (१८९५) या दीर्घकथेत निरीक्षणाने टिपला होता.

व्यापारी ब्रेखुनॉव्ह हिमवादळाची चिन्हे असताना एक जंगल स्वस्तात पदरात पाडून घेण्यासाठी घसरगाडीतून निघतो. बरोबर निकिता हा गडी. अशा गड्याला वर्षाला ऐंशी रूबल मिळावयाचे, ब्रेखुनॉव्ह त्याला चाळीसच्या आसपास देतो आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. मालकाच्या अंगावर दोन फरकोट आहेत, गड्याच्या अंगावर फाटके कपडे. वाट चुकते, मुक्काम करण्याचा आग्रह झिडकारला जातो, पुन्हा वाट चुकते, आणि रात्र उघड्यावर येऊन पडते. या रात्रीच्या मध्यावर ब्रेखुनॉव्ह निकिताला टाकून एकटाच घोड्यावर बसून निघून जातो. हा निर्णय भीतीचा आणि गारठ्याचा आहे, यात शंका नाही. परंतु टॉलस्टॉय आपणांस भीती दाखवीत नाही, युक्तिवाद दाखवितो. गड्याच्या जगण्यात असे काय आहे? तो जगला काय अन् मेला काय, त्याला सारखेच. आपल्यापाशी मात्र जगण्यासारखे काही आहे. ब्रेखुनॉव्हच्या मनात हा हिशेब इतक्या सहजतेने होतो, की वाचकाला क्षणभर तो हिशेबच वाटतो. शरीर थरथरत असताना बुद्धी किती व्यवस्थितपणे खतावणी लिहिते! मेर्सोपाशी जी सबब नव्हती ती येथे भरपूर आहे.

घोडा वादळात भोवताली फिरून त्याला पुन्हा घसरगाडीपाशीच आणतो. मग ते सुप्रसिद्ध परिवर्तन. मरणाच्या वाटेवर असलेल्या निकितासमोर ब्रेखुनॉव्ह काही क्षण उभा राहतो आणि मग त्याच्यावरचा बर्फ दूर सारून, फरकोट उलगडून त्याच्या अंगावर पालथा पडतो. निकिता वाचतो, ब्रेखुनॉव्ह मरतो. हे परिवर्तन आकस्मिक आहे, टॉलस्टॉयच्या उत्तरायुष्यातील धर्मोपदेश येथे कथेवर लादला गेला आहे, असा आक्षेप घेता येण्यासारखा आहे. या आक्षेपाला उत्तर कथेतील एका बारीक नोंदीत आहे : चांगला सौदा पटल्यावर हातावर हात मारताना त्याचा जो निश्चय असे, त्याच निश्चयाने तो हे करतो. म्हणजे कृतीच्या आरंभी तो व्यापारीच आहे. खाली दुसरे शरीर आहे, वर फर आहे. दोघांनाही ऊब मिळेल. नंतर त्या शरीराची हालचाल जाणवते, डोळ्यांत पाणी येते, आणि स्वतःच्या पायांना वारा झोंबतो आहे याचा त्याला विसर पडतो. आधी अंगाला अंग लागले, करुणा मागाहून आली. टॉलस्टॉयला उपदेश करावयाचा असेलही. त्याच्यातील कथाकाराने ती करुणा शरीराच्या दारातूनच आत घेतली.

ऊब आणि माया यांचे हे साहचर्य मानसशास्त्राने प्रयोगशाळेत तपासून पाहिले आहे. २००८ साली विल्यम्स आणि बार्ग या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हातात क्षणभर गरम कॉफीचा पेला धरलेल्या माणसांनी एका अनोळखी व्यक्तीला अधिक मायाळू ठरविले, थंड पेला धरलेल्यांनी कमी. या प्रयोगाचा बोलबाला फार झाला. पुढे अधिक माणसे घेऊन केलेल्या पुनःप्रयोगांत तो परिणाम आढळला नाही. साहित्याच्या अभ्यासकाला त्याबद्दल विशेष हळहळ वाटण्याचे कारण नाही, कारण त्या प्रयोगाच्या मुळाशी एक भाषिक गृहीतक होते. इंग्रजीत माया ही उबदार असते आणि अलिप्तता थंड. मराठीत मायेची ऊब आहे, पण मायेची सावलीही आहे. मुलाला पाहून आईचे डोळे निवतात. कोणाच्या शब्दाने जीव थंड होतो. वडीलधाऱ्यांचे छत्र जाते तेव्हा माणूस उन्हात पडतो. आणि त्याच भाषेत ‘थंडपणे’ केलेला विश्वासघातही आहे. जेथे वर्षाचे चार महिने उन्हाळा आहे तेथील भाषेने मायेला दोन्ही बाजूंनी जागा ठेवावी, हे स्वाभाविक आहे. म्हणून शीतोष्णाचा मनोव्यापारावर परिणाम काय, असा सरसकट प्रश्न वाङ्मयाला विचारून फारसे हाती लागत नाही. कोणाला, कोठे, कशाच्या अभावी थंडी वाजते आहे, असे विचारावे लागते.

प्रेमचंदांनी नेमके तसेच विचारले. ‘पूस की रात’ (१९३०) ही कथा लांबीने लहान आहे आणि तिच्यावर लिहिलेल्या मजकुराचे ओझे तिला बरेच झाले आहे. शेतकऱ्याच्या दैन्याचे चित्र, यथार्थवादाचा आदर्श, अशा विशेषणांखाली ती पाठ्यपुस्तकांतून वावरत असते. तिच्यातील थंडी मात्र क्वचितच वाचली जाते. हल्कूने कांबळ्यासाठी तीन रुपये जमविले आहेत. कर्जाच्या वसुलीला सहना दारात आला आहे. मुन्नी विरोध करते. पौषातली रात्र शेतावर कशी काढणार, असे विचारते. हल्कू ते तीन रुपये सहनाच्या हवाली करतो. येथेच कथेतील थंडीचा उगम आहे. पश्चिमेकडचा वारा ती पुढे आणील, पण ती निघाली सावकाराच्या खतावणीतून. थंडी हे निसर्गाचे देणे असले तरी कांबळ्याशिवायची थंडी ही माणसाने लादलेली वस्तू आहे, एवढा विचार प्रेमचंदांनी कोणतेही भाष्य न करता पहिल्या दृश्यात बसविला आहे. माँतेस्क्यच्या संपूर्ण सिद्धांताला यापेक्षा नेमके उत्तर सापडणे कठीण.

मग रात्र. उसाच्या पाल्याचे छप्पर, बांबूची बाज, जाड्याभरड्या कापडाची जुनी चादर, आणि बाजेखाली जबरा हा कुत्रा. हल्कू चिलीम ओढतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, कुत्र्याशी बोलतो, शेवटी त्या दुर्गंधी येणाऱ्या कुत्र्याला उचलून पोटाशी धरतो आणि त्यात त्याला कित्येक महिन्यांत न मिळालेले सुख लाभते. टॉलस्टॉयच्या दृश्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. एका शरीराने दुसऱ्याला ऊब द्यावयाची, हीच घटना. फरक इतकाच की येथे मालक नाही, फरकोट नाही. गडी आणि त्याचा कुत्रा एवढेच आहेत, आणि कोणाचे परिवर्तन व्हावयाचे नाही. नंतर तो जवळच्या आमराईत जातो, तुरीची रोपे उपटून त्यांचा झाडू करतो, वाळलेली पाने गोळा करून शेकोटी पेटवितो. अंगात ऊब येताच तो पोरासारखा जाळावरून उडी मारतो. या उडीत कथेचा सगळा आनंद साठलेला आहे.

आता नीलगाई येतात. जबरा भुंकतो. त्या शेतात चरत असल्याचा आवाज हल्कूला ऐकू येतो. कथेचा आजवरचा रूढ अर्थ असा, की थंडीने त्याला हलू दिले नाही. पण मजकूर तसे सांगत नाही. थंडीत तो शेकोटीपूर्वी कितीतरी वेळ हालचाल करीत होता. चिलीम भरीत होता, झाडू बनवीत होता, अंधारात पाने गोळा करीत होता. त्याला जखडून ठेविले ते निखारे विझल्यावरही राखेत उरलेल्या उबेने. जे कधी मिळालेच नव्हते ते मिळाल्यावर सोडवत नाही. आणि तेथेच बुद्धीचे वकीलपत्र सुरू होते. जबरा असताना कोणते जनावर शेतात शिरेल? भासच झाला असेल. आता तर काही ऐकू येत नाही. ऐकू तर येत आहे! तो एकदा उठतो, दोनतीन पावले टाकतो, वाऱ्याचा झोत विंचवाच्या नांगीसारखा लागतो आणि तो परत राखेपाशी येऊन बसतो. ब्रेखुनॉव्हच्या युक्तिवादात दुसऱ्याच्या जिवाची किंमत शून्य धरलेली होती. हल्कू किंमत शून्य धरतो ती स्वतःच्या पिकाची. आणि एका अर्थी त्याचा हिशेब चुकलेला नाही. हे पीक वाचले असते तरी ते घरात न येता सहनाकडेच गेले असते. म्हणूनच या बुद्धीची सबब खोटी आहे असे सहजासहजी म्हणवत नाही, आणि ती खरी आहे असेही म्हणवत नाही, कारण त्या क्षणी हल्कू सहनाचा विचार करीत नव्हता. तो राखेचा विचार करीत होता.

मराठीत इतक्या जवळून पाहिलेली रात्र सहज आठवत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) अवर्षणाने गाव उठते, परंतु तेथे ऊन कोणा एकाच्या निर्णयात शिरत नाही, ते चाऱ्यातून, पाण्यातून, मेंढरांतून सगळ्या वाडीवर एकदम येते. तो सामुदायिक अनुभवाचा वेगळा प्रकार आहे आणि त्याचा विचारही वेगळा करावयास हवा. प्रेमचंदांची कथा एका माणसाच्या तीनचार पावलांवर उभी आहे, आणि ती पावले परत फिरली याचा निवाडा ती कोणावरही सोपवीत नाही.

सकाळी मुन्नी येऊन हल्कूला उठविते तेव्हा चारी बाजूंना ऊन पसरलेले आहे. शेत फस्त झाले आहे. ती चिंतेने म्हणते, की आता मजुरी करून सारा भरावा लागेल; आणि हल्कू प्रसन्न चेहऱ्याने म्हणतो, की रात्री येथे थंडीत निजावे तर लागणार नाही. या प्रसन्नतेत उपरोध आहे की हताशपणा, यावर अभ्यासकांचा वाद चालत आला आहे. त्या वादात एक साधी गोष्ट राहून जाते. मुन्नी कथेत दोनदा बोलते, आणि दोन्ही वेळी घराच्या किंवा दिवसाच्या उबेत. पहिल्या वेळी तिने कांबळ्याची गरज सांगितली, तेव्हा हल्कूला सहनाच्या शिव्यांपुढे ती कमी वाटली. दुसऱ्या वेळी ती साऱ्याचा विचार करते आहे, तेव्हा हल्कू नुकताच रात्रीतून बाहेर आला आहे. दोघांत मतभेद असा नाहीच. ती उन्हात उभी राहून बोलते आहे, आणि त्याच्या अंगाखालची राख अजून पुरती निवलेली नाही.